माणूस गेल्यावर लगेच काय करावं, काय करू नये? वेगवेगळ्या धर्मांच्या, देशांच्या लोकांबद्दल विचारायचंय

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये.

मी नर्स आहे. पॅलिएटिव्ह वॉर्डला अकरा वर्षं झाली, म्हणजे आमच्याकडे येणारा पेशंट बरा होऊन घरी जाणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, त्याला दुखू नये, श्वासाला त्रास होऊ नये, घरच्यांना जवळ बसता यावं एवढंच आमचं काम. पेशंट सगळ्या देशांचे, सगळ्या धर्मांचे. मरण भरपूर पाहिलंय, घरघर लागली की आता फार वेळ नाही हे कळतं. त्यामुळे मला वाटायचं हे काम आपल्याला जमतं.

मागच्या महिन्यात पहाटे पावणेचारला एक ज्यू आजोबा गेले. जवळ मुलगी एकटीच होती. मी नेहमीचं सगळं केलं, डोळे मिटले, पंप बंद केला, सुई काढली, चादर सारखी केली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलत सुटले, फार शांतपणे गेले हो, काही त्रास झाला नाही, सुटले. ती गप्प. मला वाटलं धक्का बसलाय. म्हटलं तुम्ही जरा बाहेर बसा, मी यांचं आवरते. तर ती म्हणाली, "यांना एकटं सोडायचं नसतं." बस एवढंच. मी बरं म्हटलं पण माझ्या आवाजात घाई असणार, दोन बेड सोडून दुसऱ्या पेशंटची बेल वाजत होती. मग शवागाराची माणसं स्ट्रेचर घेऊन आली, ती बरोबर चालत लिफ्टपर्यंत आली आणि तिथे मी सांगितलं की खाली नातेवाइकांना सोडत नाहीत, तसा नियम आहे. तिनं वाद घातला नाही. स्ट्रेचरच्या दांडीला धरलेला हात होता तो हळूहळू सोडवून घेतला, आणि लिफ्टचं दार लागलं.

तो हात अजून डोळ्यांसमोर येतो. मी काहीतरी मोडलं असं वाटत राहतं आणि नेमकं काय मोडलं ते कळत नाही.

तर विचारायचं हे की कुठल्या लोकांमध्ये त्या पहिल्या काही तासांत काय करायचं असतं, काय टाळायचं असतं. आणि दुसरं, घरचे जेव्हा म्हणतात "त्यांना काही सांगू नका" आणि पेशंट माझ्याकडे बघत असतो, तेव्हा काय करावं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज लिहा, त्रोटक असलं तरी चालेल.

पानगळ:
ताई, आधी तुमच्या त्या मुलीबद्दल. ज्यू लोकांत माणूस गेल्यापासून दफन होईपर्यंत देहाजवळ कोणीतरी सतत बसतं, त्याला श्मिरा म्हणतात, म्हणजे राखण. बसणारा बरेचदा स्तोत्रं वाचत असतो. देहाला अंघोळ घालणारी, साधं पांढरं कापड नेसवणारी त्यांची समाजातलीच मंडळी असते, चेव्रा कादिशा, पुरुषाला पुरुष, बाईला बाई, आणि हे काम फार मोठ्या मायेचं मानतात कारण ज्याच्यासाठी करतोय तो कधीच परतफेड करू शकणार नाही. दफन लवकर, जमलं तर चोवीस तासांत. म्हणजे तिच्या हिशेबानं वडिलांची राखण तुमच्या लिफ्टपाशी तुटली.

आणि दुसरं, तिच्या गप्प बसण्याचं. त्यांच्या जुन्या वचनांत एक असं आहे की ज्याचं माणूस अजून समोर पडलंय त्याचं सांत्वन करू नये. सांत्वनाची वेळ दफनानंतरची, तेव्हा सात दिवस घरचे जमिनीलगतच्या बुटक्या स्टुलांवर बसतात, आरसे झाकतात, लोक भेटायला येतात, आणि तेव्हाही आलेल्यानं आधी तोंड उघडायचं नसतं, दुःखातला माणूस बोलला तरच बोलायचं, नाहीतर नुसतं शेजारी बसायचं. मला हा नियम फार मोठा वाटतो, कारण आपण बोलतो ते बऱ्याचदा आपल्याला शांतता सोसवत नाही म्हणून.

मुसलमान पेशंट असेल तर जवळचे कानाशी कलमा म्हणतात, तोंड किब्ल्याकडे म्हणजे मक्केच्या दिशेला करतात, तेव्हा बेड फिरवायला मदत केलीत तर लोक आयुष्यभर विसरत नाहीत. नंतर डोळे मिटणं, हनुवटी बांधणं, हातपाय सरळ करणं. अंघोळ आणि कफन घरच्यांचं काम, तुम्ही स्वतःहून धुऊ नका, आणि दफनाची घाई असते म्हणून कागदपत्रं जितकी भराभर होतील तितकं बरं.

तिबेटी बौद्धांचं नेमकं उलट. तिथं श्वास थांबला म्हणजे सगळं संपलं असं नाही, चेतना अजून निघतेय, म्हणून जमेल तितका वेळ, शक्य असेल तर तीन दिवससुद्धा, देहाला हलवायचं नाही की हात लावायचा नाही, आणि लावावाच लागला तर पहिल्यांदा टाळूला, कारण चेतना तिथून वर जावी अशी इच्छा. पुढे ४९ दिवसांपर्यंत तो जीव मधल्या अवस्थेत असतो आणि त्याला वाट दाखवायला वाचन चालतं. अशा ठिकाणी आपण गेल्या गेल्या सुया ओढून काढल्या, कुशीवर वळवलं तर घरच्यांच्या पोटात काय कालवत असेल बघा.

इंडोनेशियात सुलावेसी बेटावर तोराजा लोक आहेत, त्यांच्यात माणूस गेला तरी मोठा अंत्यविधी होईपर्यंत तो मेलाय असं म्हणतच नाहीत, आजारी आहे म्हणतात. घरातच ठेवतात, जेवण नेऊन ठेवतात, पाहुणा आला तर त्याच्याशी बोलतो. कधी महिने, कधी वर्षं, कारण म्हशी-रेड्यांचे बळी आणि सगळ्या गोताला बोलवायचं म्हणजे पैसा साठवावा लागतो. आता त्यासाठी फॉर्मलिन वापरतात.

रॉबेर हर्ट्झ नावाचा एक फ्रेंच अभ्यासक होता, पुढे पहिल्या महायुद्धात ऐन तरुणपणी मारला गेला, त्यानं १९०७ मध्ये बोर्निओतल्या दायाक लोकांच्या दोनदा होणाऱ्या अंत्यविधीबद्दल लिहिताना हेच मांडलं की मरण हा क्षण नाही, त्याला वेळ लागतो, देहालाही, जिवालाही आणि मागे राहिलेल्यांनाही. तुमच्या मॉनिटरवर ३:४५ आलं. पण तिच्या घरात ते मरण तेव्हा कुठे सुरू झालं होतं.

सरळमार्गी:
पानगळ यांनी छान लिहिलंय पण मला एक भीती वाटते ती सांगतो. असली यादी वॉर्डात भिंतीवर लागली की लोक पेशंटचं आडनाव बघतात आणि यादी बघतात. मुसलमान म्हणजे हे, बौद्ध म्हणजे ते. अहो एकाच घरात दोन भाऊ असतात, एकाला सगळे विधी हवेत आणि दुसऱ्याला एकही नको. सगळ्या ज्यूंना श्मिरा हवीच असते असंही नाही. म्हणून आधी विचारा. "आम्ही काय करावं, काय करू नये असं तुम्हाला वाटतं?" एवढं एक वाक्य, आणि तेही माणूस शुद्धीवर असताना, त्यालाच. यादी माहीत असण्याचा उपयोग एवढाच की विचारायचं कशाबद्दल ते कळतं.

आता सांगावं की नाही, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी समुपदेशनात काम करतो, हा प्रश्न माझ्यासमोर रोजचा आहे. लोकांना वाटतं पाश्चात्त्य देशांत पेशंटला सगळं स्पष्ट सांगायची पद्धत पूर्वीपासून आहे. तसं मुळीच नाही. अमेरिकेत १९६१ साली डॉक्टरांना विचारलं होतं तेव्हा जवळपास ९० टक्के म्हणाले की कॅन्सर आहे हे पेशंटला शक्यतो सांगत नाही. १९७९ मध्ये परत विचारलं तर ९७ टक्के म्हणाले सांगतो. अठरा वर्षांत सगळं फिरलं! तेव्हा "ते पुढारलेले आणि बाकीचे मागासलेले" असं यात काही नाही.

१९९५ मध्ये लॉस एंजेलिस भागात ६५ वर्षांवरच्या ८०० लोकांना विचारलं, पसरलेला कॅन्सर असेल तर रोग्याला सांगावं का. गोऱ्या अमेरिकनांत ८७ टक्के आणि आफ्रिकन-अमेरिकनांत ८८ टक्के हो म्हणाले, मेक्सिकन वंशाच्यांत ६५ आणि कोरियन वंशाच्यांत ४७. हे ४७ टक्के नीट बघा. कोरियन म्हणजे लपवणारे असं लिहून ठेवलं तर जवळजवळ निम्म्यांवर अन्याय, आणि सगळ्यांना सरसकट सांगितलं तर उरलेल्यांवर. अमेरिकेतल्या नाव्हाहो आदिवासी लोकांत तर वाईट बोललं की ते ओढवतं अशी श्रद्धा आहे, त्यांना डॉक्टर "हे होऊ शकतं, ते होऊ शकतं" असं नियमाप्रमाणे सांगायला लागले की तो त्यांना शाप दिल्यासारखा वाटतो.

म्हणून मी पेशंटलाच विचारतो, "तुमच्या तब्येतीबद्दल सगळं तुम्हाला सांगू, का घरातल्या कोणाशी बोलू?" काही जण म्हणतात मला सांगा. काही जण मुलाकडे बोट दाखवतात, आणि ते बोट दाखवणं हा त्यांचाच निर्णय असतो, तो मी पाळतो. घरचे "सांगू नका" म्हणतात तेव्हा त्यांच्याशी भांडू नका, "सांगितलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?" असं विचारा आणि ऐका. नव्याण्णव वेळा त्याच्यामागे माया असते. पण पेशंटनं सरळ डोळ्यांत बघून "मी मरतोय का?" विचारलं तर खोटं बोलू नका, माझं हे ठाम मत आहे. जो विचारतो त्याला बहुतेक उत्तर माहीत असतं, त्याला फक्त एकट्यानं माहीत असण्याचा कंटाळा आलेला असतो.

चांदणचुरा:
माझी आई गेली तेव्हाचं सांगते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. आम्ही तिघी बहिणी, आणि मावशी. मावशीनं हंबरडा फोडला. दोन मिनिटांत गार्ड आला, म्हणाला इतर पेशंटना त्रास होतो, आवाज बंद करा नाहीतर खाली जा. मावशीनं पदर तोंडात कोंबला. माझी आई गेली त्या दिवसातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते मावशीच्या तोंडात कोंबलेलं ते कापड आणि तिचे हलणारे खांदे. इतर पेशंटचं मला कळतं हो, पण एखादी खोली नसते का, दार लावून दहा मिनिटं रडता येईल अशी?

नंतर मी शोधून शोधून वाचलं. आयर्लंडमध्ये पूर्वी देहाजवळ बसून गाऊन रडणाऱ्या बायका असायच्या, ते रडणं ही एक कला होती, त्यात गेलेल्याचं कौतुक, त्याच्या घराण्याचं नाव, मागे टाकून गेलास म्हणून त्याच्यावरचा राग, सगळं यायचं. घड्याळ बंद करायचे, खिडकी उघडायचे, रात्रभर जागायचे. पुढे चर्चला ते पटेनासं झालं आणि हळूहळू ते गेलंच. उलट बालीत लोक दुःखातही चेहरा शांत, हसरा ठेवायची धडपड करतात कारण दुःख मोकळं सोडलं तर आपल्यालाही आणि दुसऱ्यालाही बाधतं असं मानतात. तेव्हा कोणी रडत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही असं नसतं, आणि कोणी किंचाळतंय म्हणजे नाटक करतंय असंही नसतं. रात्रपाळी, तुमच्या वॉर्डात कोणी मोठ्यानं रडलं तर कृपा करून दार लावा, पण त्यांना गप्प करू नका.

ओंजळ:
मी सहसा लिहीत नाही पण इथे राहवलं नाही. माझा नवरा जपानी. सासरे सहा वर्षांपूर्वी गेले. दहन झाल्यावर आम्हाला आत बोलावलं, ट्रे बाहेर आला होता, अजून गरम, समोर उभं राहिलं की तोंडाला धग लागत होती. तिथला माणूस पांढरे हातमोजे घालून अगदी हळू आवाजात सांगत होता, हे पायाचं हाड, हे गुडघ्याचं. आणि मग दोघादोघांनी चॉपस्टिकनं एकच हाड मिळून उचलायचं आणि कलशात ठेवायचं. पायापासून सुरुवात, डोक्याकडे शेवट, म्हणजे कलशात माणूस उभा राहतो, उलटा होत नाही. माझ्या जोडीला सासूबाई होत्या. माझा हात इतका थरथरत होता की हाड निसटेल असं वाटलं, तर त्यांनी आपल्या काड्या थोड्या पुढे सरकवून भार स्वतःकडे घेतला, माझ्याकडे न बघता. सगळ्यात शेवटी मानेतलं एक छोटं हाड असतं, ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखं दिसतं, ते सगळ्यात जवळच्यांनी ठेवायचं. जेवताना एका चॉपस्टिकवरून दुसऱ्या चॉपस्टिकवर घास द्यायचा नाही असं मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात बजावलं होतं, त्याचं कारण त्या दिवशी कळलं.

मला आधी वाटलं होतं हे मला झेपणार नाही. पण नंतर वाटलं की बरं झालं, शेवटपर्यंत हातानं काहीतरी करता आलं.

आणि ते तिथे संपलं नाही. घरात देव्हाऱ्यासारखं लाकडी कपाट असतं, बुत्सुदान, त्यात सासऱ्यांचं मरणोत्तर मिळालेलं नवं नाव लिहिलेली पाटी आहे. सासूबाई रोज सकाळी घंटी वाजवतात, हात जोडतात, आणि बोलतात. नातवाला दात आला, गळकी तोटी दुरुस्त करून घेतली, असलं साधं साधं. माझ्या एका मैत्रिणीनं हे ऐकून विचारलं की सहा वर्षं झाली, अजून त्यांनी स्वीकारलेलं नाही का? मला फार लागलं ते. कितीतरी वर्षं मानसशास्त्रातही असंच समजायचे की गेलेल्यापासून मन तोडून घेणं म्हणजे शोक पूर्ण होणं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी उलट मांडलं की बहुतेक लोक नातं तोडत नाहीत, वेगळ्या रूपात चालू ठेवतात आणि त्यात आजारी असं काही नाही. सासूबाईंना हे कोणी सांगायची गरजच नव्हती.

याच्या अगदी उलट ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच आदिवासी समाजांत गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, फोटो दाखवायचा नाही, त्याच नावाचा दुसरा कोणी जिवंत असेल तर त्यालाही काही काळ वेगळ्याच नावानं हाक मारतात. तिथल्या टीव्हीवर कार्यक्रमाआधी तशी सूचना येते. सासूबाईंचं रोज बोलणं आणि त्यांचं नाव न घेणं, दोन्ही मला गेलेल्याला जपणंच वाटतं.

पाचवापाय:
एक छोटी दुरुस्ती, कोणी लिहायच्या आत. "ती अजून नकाराच्या पायरीवर आहे" वगैरे आपण पटकन म्हणतो. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पाच अवस्था (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) मांडल्या त्या मरणाऱ्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हेत. आणि त्या क्रमानंच याव्यात असंही नाही. तुमच्या त्या मुलीचं गप्प बसणं हा नकार नव्हता, ते तिच्या रीतीप्रमाणे होतं.

आणि ताई, स्वतःला फार बोल लावू नका. अमेरिकेत सँड्रा क्लार्क म्हणून एक नर्स होत्या. १९८६ मध्ये एका म्हाताऱ्या पेशंटनं त्यांना विचारलं, माझ्याजवळ बसाल का? त्या म्हणाल्या बाकीचे पेशंट बघून येते. आल्या तोवर तो गेलेला होता, एकटा. ते त्यांना वर्षानुवर्षं खात राहिलं आणि २००१ मध्ये त्यांनी ओरेगनमधल्या आपल्या हॉस्पिटलात एक व्यवस्था उभी केली, ज्याचं कोणी नाही अशा मरणाऱ्या माणसाजवळ स्वयंसेवक पाळीपाळीनं बसतात. नंतर ती कितीतरी हॉस्पिटलांनी उचलली.

रात्रपाळी:
सगळ्यांचे उत्तर दोनदा दोनदा वाचले, ब्रेकमध्ये. पानगळ, "मरण तेव्हा कुठे सुरू झालं होतं" हे वाक्य वाचून मी पॅन्ट्रीत जाऊन रडून आले. चांदणचुरा, आमच्याकडे एक रिकामी खोली आहे, जुने वॉकर आणि गाद्या पडल्यात त्यात, ती मिळते का बघते.

काल इन्चार्ज सिस्टरशी बोलले. खाली सोडायचं नाही हा नियम नेमका कुठे लिहिलाय असं विचारलं. त्यांनी फाइल काढली, मी पण बसले शोधायला. कुठेच लिहिलेला नाही. शवागाराच्या आत जाता येत नाही एवढंच आहे, दारापर्यंतचं काहीच नाही. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना तोंडी सांगत आलो आणि मी तो तिला सांगितला.

आता दाराबाहेर एक खुर्ची ठेवायची परवानगी मिळालीय. आणि अॅडमिशनच्या कागदावर सरळमार्गींचे दोन्ही प्रश्न मी पेन्सिलनं लिहून ठेवलेत, छापून कधी येतील माहीत नाही.

त्या मुलीला पत्र लिहावं का? महिना उलटलाय. पत्ता फाइलमधून काढणं बरोबर नाही हे कळतंय.

पानगळ:
फाइलमधून नको. पण बऱ्याच हॉस्पिटलांत पेशंट गेल्यावर काही आठवड्यांनी घरच्यांना वॉर्डातर्फे पत्र जातं, तुमच्याकडे असेल तर इन्चार्जना विचारा की खाली दोन ओळी मी लिहू का. माफीचं लांबलचक नको. तुम्ही त्यांची राखण करत होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आता कळलं, एवढं लिहा. ज्यू घरात आईवडिलांसाठी अकरा महिने प्रार्थना म्हणतात, तेव्हा महिना उलटला म्हणून उशीर झालेला नाही.

रात्रपाळी:
विचारते. आज रात्री ड्युटी आहेच.